‘बॅक येते का?’ कॉलेजच्या स्विमिंग टीमपर्यंतचा माझा प्रवास

१४ जुलै २०२५, सोमवार. माटुंग्याच्या आमच्या कॉलेजात जिमखान्याबाहेरच्या फळ्यावर एक कागद लागला: ‘जलतरण संघ (मुले/मुली) निवड चाचणी, २ ऑगस्ट, सकाळी ७ वा. नावे जिमखान्यात द्यावीत.’ खाली सही आणि शिक्का. टायमिंग किती हवं, कुठले स्ट्रोक (पोहण्याचे प्रकार) बघणार, किती जणांना घेणार, यातलं एक अक्षर नाही.

मी एफवायबीएस्सीला आहे. पोहायला शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी स्मारक तलावावर शिकले. आठवीपर्यंत शाळेकडून चौदा वर्षांखालच्या स्पर्धाही पोहले. मग नववी, क्लास, दहावी, बारावी, सीईटी. मुंबईत पोहणाऱ्या बऱ्याच मुलींचं होतं तेच माझंही झालं. बारावीची परीक्षा संपल्यावर घराजवळच्या २५ मीटरच्या तलावावर पुन्हा जायला लागले होते. न थांबता किलोमीटरभर होत होतं. पण अंतर पूर्ण करणं वेगळं आणि टीममध्ये बसण्याइतकं वेगात पोहणं वेगळं, एवढं कळत होतं. आपण तेवढ्या वेगाच्या आहोत की नाही, हे ठरवायचं कसं, हे मात्र कोणी धड सांगेना. म्हणून जे जसं घडलं ते लिहून ठेवतेय. पदकाची गोष्ट नाही, आधीच सांगते.

सुरुवात अर्थातच गूगलने झाली. कॉलेजच्या स्विमिंग टीमसाठी टायमिंग शोधलं की येतं ते जवळपास सगळं अमेरिकेचं. न्यू जर्सीच्या आतेभावानेही प्रेमाने एक तक्ता पाठवला. मुलींच्या ५० फ्रीस्टाइलचे त्यातले आकडे बघून मी फोन उलटा ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी नीट वाचलं तेव्हा लक्षात आलं की हे ५० मीटर नव्हेच, ५० यार्ड आहेत. तिकडच्या कॉलेजांच्या स्पर्धा २५ यार्डांच्या तलावात होतात. ५० यार्ड म्हणजे ४५.७२ मीटर. वर मध्ये एक टर्न (भिंतीशी जाऊन वळणं), आणि भिंतीला पाय लावून घेतलेला धक्का हा आपल्या हातापायांच्या वेगापेक्षा कधीही जास्तच असतो. त्यामुळे ५० मीटरच्या तलावात सरळ पोहलेल्या ५० शी त्याची तुलना होऊच शकत नाही. तिथे एनसीएएची (कॉलेजांच्या खेळांची संस्था) तीन डिव्हिजन आहेत, पहिल्या दोनमध्ये खेळाची शिष्यवृत्ती मिळू शकते, तिसऱ्यात नाही, प्रत्येक कॉलेजच्या टीमचा वेग निराळा. ज्यांना शिकायला तिकडे जायचंय त्यांनी ते तक्ते जरूर अभ्यासावेत. माझ्या कामाचं त्यात काही नव्हतं.

दुसरा घोळ आपल्याकडचा. माझी मैत्रीण बारावीला, त्याच इमारतीत, त्याच जिमखान्यात. तिलाही चाचणीला यायचं होतं. पण अकरावी-बारावीची मुलं शालेय स्पर्धांत, १९ वर्षांखालच्या गटात, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयामार्फत खेळतात. डिग्रीची मुलं विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत. दोन्हींचे अर्ज, तारखा, कागद सगळं वेगळं. नोटीस कुणाच्या सहीची आहे ते आधी बघा. तिचा एक पूर्ण आठवडा चुकीच्या फॉर्ममागे गेला.

मग टायमिंग. हे जेवढं सोपं वाटतं तेवढं नाही. माझा रोजचा तलाव २५ मीटरचा, चाचणी ५० मीटरच्या तलावावर. छोट्या तलावात १०० मीटर पोहताना तीन टर्न मिळतात, मोठ्यात एकच. तेवढ्याने १०० ला दीड-दोन सेकंदांचा फरक सहज पडतो. चांगला टर्न मारणाऱ्यांना जास्त. आणि काही सोसायट्यांचे तलाव तर धड २५ चेही नसतात, तिथलं टायमिंग वहीत लिहून स्वतःला फसवू नये.

म्हणून एका रविवारी मोठ्या तलावावर गेले. सोबत माझी चुलतबहीण, तिच्या फोनवर स्टॉपवॉच. सार्वजनिक बॅचमध्ये ब्लॉकवरून (काठावरच्या उडीच्या ओट्यावरून) उडी मारू देत नाहीत, त्यामुळे पाण्यातूनच भिंतीला धक्का देऊन निघाले. ५० फ्री, ३८ सेकंद आणि वर थोडं. उडी मारून निघालं तर यातले सेकंद-दीड सेकंद कमी होतात. बॅच सुटताना तिथल्या सरांना विनवणी केली, त्यांनी एकदा स्टार्ट घेऊ दिला आणि वेळही स्वतः घेतली. ३६.८. आठवीत माझं टायमिंग ३४ च्या आसपास होतं. म्हणजे तेरा वर्षांची मी आजच्या मला अडीच-तीन सेकंदांनी मागे टाकत होते. परतीच्या बसमध्ये मी कुणाशी बोलले नाही.

टायमिंग घेताना काय बघायचं, ते सरांनी तेव्हाच सांगितलं. हाताने घेतलेली वेळ यंत्रापेक्षा जरा कमीच दिसते, कारण शिट्टी ऐकून बटण दाबेपर्यंत क्षण गेलेला असतो. म्हणून नियमाप्रमाणे जिथे हाताने वेळ घेतात तिथे एका लेनला तीन घड्याळं लावतात आणि मधली वेळ धरतात. एकट्या मैत्रिणीच्या फोनवरचे शंभरावे हिस्से धरून बसू नका. ते शंभरावे हिस्से खरे कुठे मोजले जातात, तर २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं ५० फ्रीचं कांस्य ०.०१ सेकंदाने गेलं: तिसरा २२.४६, वीरधवल २२.४७. आमच्यासारख्यांनी अर्धा सेकंद इकडेतिकडे सोडून द्यावा.

सरांनी त्या दिवशी चारही स्ट्रोकचं टायमिंग घ्यायला लावलं. माझं म्हणणं होतं की मी फ्रीस्टाइलवाली आहे, बाकीचं कशाला? ते म्हणाले, “तू कसली वाली आहेस ते घड्याळ सांगेल.” बॅकस्ट्रोकला ४०.५ लागले. ब्रेस्टस्ट्रोकला बरेच जास्त. बटरफ्लाय मी पन्नास मीटर कशीबशी संपवली, तिचा आकडा इथे देत नाही.

आता ३६.८ आणि ४०.५ यातलं चांगलं कुठलं? नुसतं बघितलं तर फ्री. पण वर्ल्ड ॲक्वाटिक्सची (म्हणजे पोहण्याची जागतिक संघटना, पूर्वीची फिना) गुण काढायची एक पद्धत आहे, ती बाबांना फार आवडली. बाबा बँकेत आहेत, असलं काही मिळालं की खूश. त्या प्रकाराची ठरवून दिलेली आधारवेळ, जी विश्वविक्रमावरून घेतात, तिला आपल्या वेळेने भागायचं, आलेल्या उत्तराचा घन करायचा आणि १००० ने गुणायचं. महिलांच्या ५० फ्रीमध्ये सारा स्योस्ट्रोमचे २३.६१, ५० बॅकमध्ये केली मॅककिओनचे २६.८६, दोन्ही २०२३ मधले. बाबांनी कॅल्क्युलेटरवर काढलं: फ्रीला माझे २६४ गुण, बॅकला २९१. दोन्ही मिरवण्यासारखे नाहीत. पण मी आयुष्यभर जो स्ट्रोक नुसता दमल्यावर विश्रांती म्हणून मारत आले, तो माझ्या फ्रीस्टाइलपेक्षा बरा निघाला. हे गणित सगळ्यांनी एकदा करावं. आपलं एक टायमिंग दुसरीच्या टायमिंगशी ताडून बघण्याआधी आपलेच स्ट्रोक एकमेकांशी ताडून बघता येतात.

२१ जुलैला जिमखान्यात नाव द्यायला गेले. आमच्या स्पोर्ट्सच्या मॅडम कॅरमच्या सोंगट्या मोजत होत्या. मी विचारलं, “मॅडम, मुलींच्या टीमला टायमिंग किती लागतं?” त्यांनी मान वर न करता विचारलं, “बॅक येते का?”

त्यांनी कपाटातून मागच्या वर्षीचं निकालपत्रक काढून दिलं, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वात कामाचा कागद तो. विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या मुली खूप पुढे होत्या. त्यातल्या काही राज्य पातळीवर पोहणाऱ्या, रोज सकाळ-संध्याकाळ पाण्यात असणाऱ्या. त्यांच्याकडे बघून काही ठरवायचं नसतं. बघायचं ते आपल्या कॉलेजच्या नावापुढे. फ्रीस्टाइलला आमच्या तीन मुली, तिघीही क्लबच्या, तिघीही माझ्यापेक्षा वेगवान, आणि त्यातल्या दोघी अजून कॉलेजात होत्या. ब्रेस्टला एक. बॅकला कोणी नाही. मेडले रिलेला (चौघींनी एकेक स्ट्रोक पोहायची शर्यत) नावच नाही, कारण मेडले रिलेची सुरुवातच बॅकस्ट्रोकने होते: बॅक, ब्रेस्ट, बटरफ्लाय, फ्री. पहिलीच नसेल तर बाकीच्या तिघी काय करणार?

तोपर्यंत मी ‘मी वेगवान आहे का’ एवढंच विचारत होते. त्या कागदाने प्रश्न बदलला: आहे त्या टीमला मी कुठे उपयोगी पडेन? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गूगलवर नसतं, जिमखान्याच्या कपाटात असतं. वेगाचं महत्त्व कमी होत नाही, हेही खरं. बॅकला आधीच दोन मुली असत्या तर ४०.५ ने माझं काही झालं नसतं. आणि हे कॉलेजागणिक बदलतं. माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीचं फ्री माझ्यापेक्षा चांगलं आहे, पण तिच्या कॉलेजात क्लबच्या मुलींचीच गर्दी. तिला जागा मिळाली नाही. दुसऱ्या एका कॉलेजात पाण्याला न घाबरणाऱ्या चार मुली मिळवताना मॅडमच्या नाकी नऊ येतात.

हाताशी दोन आठवडेही नव्हते. एक महिना सरांकडे शिकवणी लावली, ३,००० रुपये. आई म्हणाली, “बारा दिवसांसाठी तीन हजार?” मी म्हटलं महिनाभरासाठी. गुडघ्यापर्यंतचा कॉस्च्यूम धोबी तलावच्या खेळाच्या दुकानांतून १,८०० ला. जुना लहान झालेला आणि क्लोरिनने विरलेला. गॉगल ५५०, सिलिकॉनची टोपी २५०. स्पर्धेचे म्हणून महागडे कॉस्च्यूम मिळतात, ते या पातळीवर नको. २०१० पासून स्पर्धेत कापडीच कॉस्च्यूम चालतात, बायकांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. आजीला तो गुडघ्यापर्यंतचा बघून बरं वाटलं. तिची खरी काळजी वेगळीच होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिवाजी पार्कच्या त्या तलावात मगरीचं पिल्लू सापडलं होतं, ते पेपरात आल्यापासून मी पोहायला निघाले की ती म्हणते, “बघून उतर गं.”

बॅकस्ट्रोकची एक सोय अशी की स्टार्ट पाण्यातूनच असतो. ब्लॉकच्या दांड्याला धरायचं, पाय भिंतीला, आणि मागे झेप. त्यामुळे बॅचमध्ये उडी मारू देत नाहीत याने फारसं अडत नाही. दांडा नसला तर काठाच्या गटाराची कड धरून सराव होतो. गैरसोय अशी की जुलैच्या मुंबईत उघड्या तलावावर पाठीवर पोहायचं म्हणजे सगळा पाऊस तोंडावर. पावसाची सर आली की नाकात पाणी, गॉगलवर थेंबांचा पडदा. वर छतच नाही, तर सरळ रेषेत जायचं कशाच्या आधाराने? ढगांकडे बघून पोहलं की माणूस लेनच्या दोरीवर जाऊन आदळतो. माझ्या दंडावर त्या आठवड्यात खरचटलेल्या पट्ट्या होत्या. उपाय सरांनी सांगितला: नजर वर, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून दोरी दिसत राहिली पाहिजे, आणि ती कायम तेवढ्याच अंतरावर.

भिंत कधी येते हे कळायला स्पर्धेत भिंतीच्या ५ मीटर अलीकडे झेंड्यांची माळ बांधलेली असते. सरावात ती नसते. मग काठावर ५ मीटरच्या खुणेशी बहिणीला छत्री घेऊन उभी केली. छत्री दिसली की हात मोजायचे. माझे पाच हात होतात, सहाव्याला भिंत. हा आकडा प्रत्येकीचा वेगळा असतो आणि दमल्यावर एकाने वाढतो. तो माहीत नसेल तर शेवटी मान वळवून बघावं लागतं, त्यात वेळ जातो. आणि बॅकला शेवटचा स्पर्श पाठीवर असतानाच व्हायला हवा, आधीच पालथं वळलं की बाद.

आणखी एक गोष्ट, मुलींसाठी. २ ऑगस्टच्या आसपास माझी तारीख येत होती. पाळीचा कप वापरायचा ठरवलं, पण चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा नव्हे. आधीच्या महिन्यात घरी वापरून बघितला होता, म्हणून त्या दिवशी डोक्यात तो विषय नव्हता. कुणाला ते जमणार नसेल तर मॅडमना सरळ सांगावं. आमच्या मॅडमनी एका मुलीची चाचणी चार दिवसांनी वेगळी घेतली. न सांगता गैरहजर राहिलात तर मात्र नाव कटतं.

२ ऑगस्ट. सातची चाचणी पावणेआठला सुरू झाली, कारण आधीची बॅच पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती. मुली दहाच्या आसपास, मुलं दुप्पट. थंडीने नाही, भीतीने दात वाजत होते. वाट बघताना कोरडा टॉवेल आणि पातळ जॅकेट हवंच, ओल्या अंगाने पाऊण तास उभं राहिलं की पाय आखडतात. मी घरून केळी नेली होती, ती बाजूच्या मुलीने आणि मी खाल्ली. तीच पुढे आमच्या रिलेतली ब्रेस्टवाली.

आधी सगळ्यांची ५० फ्री. क्लबच्या मुली ज्या सहजतेने गेल्या ते बघून घरी जावंसं वाटलं. माझे ३६.४, मुलींमध्ये पाचवी. दोन घड्याळं होती आणि दोन्हींत जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा फरक. मॅडमनी सरासरी लिहिली. मग त्यांनी विचारलं, दुसरे स्ट्रोक कोणाला येतात? बॅकला आम्ही दोघीच उभ्या राहिलो. दुसरी मुलगी ३९ मध्ये आली, मी ४०.१ मध्ये. म्हणजे जिथे कोणीच नव्हतं तिथे एकदम दोघी झाल्या, आणि मी दुसरी. घरी आईला एवढंच सांगितलं की बुडाले नाही.

यादी मंगळवारी लागणार होती. लागली १३ ऑगस्टला. मधल्या काळात मी रोज जिमखान्यावरून उगाच जात होते. एकदा विचारलं, तेव्हा कळलं की प्राचार्य बाहेरगावी आहेत आणि त्यांच्या सहीशिवाय यादी लागत नाही. म्हणजे उशिराचा तुमच्या टायमिंगशी काही संबंध नसतो, हे लक्षात ठेवा. यादीत माझ्या नावापुढे होतं: १०० मी. बॅकस्ट्रोक, ४ × १०० मेडले रिले, राखीव. ती ३९ वाली रिलेत पहिली, मी तिच्या मागे राखीव.

आनंद झाला आणि लगेच पोटात गोळा आला, कारण १०० मीटर बॅक मी आयुष्यात कधी जोरात पोहले नव्हते.

त्याआधी कागद. दहावीची गुणपत्रिका (जन्मतारखेसाठी), बारावीची गुणपत्रिका, यंदाच्या फीची पावती, कॉलेजचं ओळखपत्र, आधार, फोटो, आणि डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट. सर्टिफिकेटवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का दोन्ही हवेत; आमच्या फॅमिली डॉक्टरांनी २०० रुपये घेऊन नुसती सही दिली होती, पुन्हा जावं लागलं. पात्रता अर्जावर पीआरएन नंबर (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) मागतात. फर्स्ट इयरवाल्यांना तो त्या वेळी मिळालेलाच नसतो. ऑफिसच्या खिडकीवर एकाने सांगितलं, नंबर नाही तर अर्ज नाही. मॅडम म्हणाल्या, प्रवेशाच्या पावतीची झेरॉक्स जोड आणि रकान्यात ‘प्रतीक्षेत’ लिही. ते चाललं. फर्स्ट इयरवाल्यांनी त्या खिडकीवर वाद घालण्यात वेळ दवडू नये, आधी जिमखान्यात विचारावं.

१८ आणि १९ ऑगस्टला मुंबईत जो पाऊस झाला तो सगळ्यांना आठवत असेल. लोकल ठप्प, कॉलेज बंद, तलाव बंद. आमच्या अर्जाची मुदत त्याच आठवड्यात होती, ती पुढे ढकलली. लगेच २७ तारखेला गणपती. घरी पाहुणे, मोदक, रात्रीच्या आरत्या. पहाटेची बॅच गाठताना डोळे उघडत नव्हते. अनंत चतुर्दशीला आम्ही लालबाग-परळची माणसं घरातून बाहेर पडू शकत नाही, त्या दिवशीचा सराव आधीच सोडून दिला होता.

१०० चा सराव मला सगळ्यात जड गेला. पहिले ५० मीटर मी ४१ सेकंदांत जायचे आणि पुढच्या पन्नासात पाय जायचेच. पाण्याखाली कोणीतरी परकरात विटा बांधून ओढतंय, असं शेवटचे वीस मीटर वाटायचं. सरांनी पहिले ५० मुद्दाम हळू करायला लावले, ४४ च्या आसपास, आणि गंमत म्हणजे एकूण वेळ कमी झाली. टर्नचंही तसंच. बॅकच्या टर्नला भिंतीशी येऊन पालथं होऊन एक हात ओढत कोलांटी मारता येते, पण पालथं झाल्यावर थांबलं, रेंगाळलं तर पंच बाद करतात. मला ती वेळेवर जमेना. सर म्हणाले, साधा टर्न घे, पाठीवरच हात लाव आणि वळ. सेकंदभर जाईल, पण बाद होणार नाहीस. मी तेच केलं. सुंदर टर्नपेक्षा पूर्ण झालेली शर्यत बरी, निदान पहिल्या वर्षी.

स्पर्धेच्या चार दिवस आधी ती ३९ वाली तापाने पडली. मॅडमचा रात्री फोन: “तू रिलेत आहेस, पहिली.”

सप्टेंबरच्या उत्तरार्धातला तो दिवस बराचसा बसून राहण्यात गेला. सकाळी साडेसातला हजेरी, माझी शर्यत दुपारनंतर. मार्शलिंगच्या टेबलावर नाव पुकारतात. तीनदा पुकारून कोणी आलं नाही तर पुढची नावं घेतात. तिथून हलू नका, चहालाही आळीपाळीने जा. प्रवेश अर्जात आपलं टायमिंग लिहायचा रकाना असेल तर तो रिकामा सोडू नका. वेळ न दिलेल्यांना सगळ्यात हळू धरून हीट (शर्यतीचे गट) पाडतात, आणि मग तुम्ही एकट्याच पुढे किंवा एकट्याच मागे पोहता. मी १:३५ लिहिलं होतं, त्यामुळे माझ्या हीटमध्ये माझ्यासारख्याच होत्या. बाजूला कोणीतरी आपल्याच वेगाने पोहत असेल तर शेवटचे वीस मीटर निघतात.

१:३२ आणि वर काही. हीटमध्ये चौथी. एकूण यादीत निम्म्याच्या खाली. झेंडे दिसले, पाच हात मोजले, सहाव्याला भिंत लागली नाही, सातव्याला लागली.

रिलेत मी आमच्या टीमला सातव्या नंबरवर सोडलं. ब्रेस्टवालीने एकीला गाठलं, बटरफ्लायवाली दमून मागे आली, आणि शेवटच्या क्लबवाल्या सीनियरने दोघींना कापलं. पाचव्या आलो. पदक नाही, पण रिलेचे गुण कॉलेजच्या नावावर लागले. मॅडमनी सगळ्यांना वडापाव दिला, स्वतःच्या पैशाने असावा.

स्पर्धा संपल्यावरची दोन कामं कोणी सांगत नाही. एक, हजेरीचं पत्र. चाचणी, सराव आणि स्पर्धेच्या दिवसांची नोंद जिमखान्याकडून लेखी घ्या आणि प्रत्येक विभागात त्याच आठवड्यात द्या. मी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलचं पत्र दहा दिवस उशिरा दिलं आणि ते मान्य करून घ्यायला दोन सह्या जास्त लागल्या. दुसरं, सहभागाचं प्रमाणपत्र. ते सहसा उशिरा येतं आणि जिमखान्याच्या कपाटात पडून राहतं, त्यामुळे विचारत राहावं लागतं. खेळाच्या सवलतीच्या गुणांसाठी अर्ज करायचा तर प्रमाणपत्राची प्रत लागते आणि त्या अर्जाचीही मुदत असते. माझं दिवाळीनंतर मिळालं. नावात वडिलांचं नाव चुकलं होतं, ते दुरुस्तीला गेलंय.